गुरुसिद्धप्पांची राणी

नीलम्माची सुपारी मुरूम गावी फुटावयाची होती, आणि ती नाटक संपल्यावरच फुटेल असा वरपिता गुरुसिद्धप्पांचा निरोप आला होता. जत्रेतल्या नाटकात राणीचे काम तरुणपणापासून तेच करीत. निजामाचे राज्य गेले, परंतु गुरुसिद्धप्पांची राणी काही गादीवरून उतरली नाही.

सास्तूरहून गाडी जुंपतानाच शांतलिंगाने बहिणीला बजावले की, तिथे हसायचे नाही. वडिलांच्या पश्चात घरचा कर्ता तोच. त्याला स्वतःला हसू ठाऊक नव्हते. कोणी थट्टा केली की तो ती खरी की खोटी हे तपासत बसे. नीलम्माला मात्र शेळी शिंकली तरी हसू फुटे. त्यापायी दोन स्थळे परत गेली होती. हे तिसरे तिला मनापासून हवे होते, कारण मुलगा पाहायला आला तेव्हा तिच्याबरोबर तोही हसला होता.

होणाऱ्या सोयऱ्यांना मानाने पुढच्या सतरंजीवर बसवले गेले. साठीचे गुरुसिद्धप्पा नऊवारी नेसून, गालांना लाली फासून अवतरले. मृत राजपुत्राच्या जागी घोंगडीत गुंडाळलेली कडब्याची पेंढी होती. राणीने तिला उराशी कवटाळताच कुसळ नाकात गेले. शिंकेसरशी केसांचा टोप फिरला आणि वेणी नाकावर लोंबू लागली. राणीने विलाप थांबवला नाही. दर ओळीला ती वेणी फुंकून बाजूस सारू लागली.

नीलम्माने पदराचा बोळा तोंडात कोंबला आणि मान खाली घातली. तिचे खांदे गदगदा हलत होते. शांतलिंग शेजारी निर्विकार बसला होता. एवढ्या मोठ्या घरच्या बाईने वेणी आधीच बांधून का घेतली नाही, इतकीच त्याला शंका होती.

नाटक संपले. तोंडावरचा रंग न पुसताच गुरुसिद्धप्पा पंचांत येऊन बसले.

"पोर लई मायाळू हाय," ते म्हणाले. "माजं दुःख बघून ढसाढसा रडली. सून असावी तर अशी."

पंचांनी माना डोलावल्या. सुपारी पुढे आली. परंतु सोयरीक खोट्यावर उभी राहावी, हे शांतलिंगाला सोसेना. काही माणसांना सत्य बोलण्याची वेळ तेवढी कधी कळत नाही.

"अप्पा, रडली न्हाय ती," तो म्हणाला. "हसत हुती. वेणी नाकावर आली, तवापासून."

गुरुसिद्धप्पांनी टोप काढून मांडीवर ठेवला.

"तुमाला काय वाटलं, मला ठावं नव्हतं? सारा जलम हितं उभा हाय मी. रडणारी पाठ कशी हालती, हसणारी कशी, एवढं कळतं मला. म्हणलं, आमचं पोरगं बी हसरं हाय, हसतील दोघं घरात. म्हणून रडली म्हणलो. आता तुमी चार मानसांत बोलून बसलाव. आता माजा इलाज न्हाय."

त्यांनी सुपारी उचलून कनवटीस लावली.

परतीच्या वाटेवर, ओढा ओलांडताना, कासरा हाती धरलेला शांतलिंग एकाएकी खुदकन हसला. "वेणी फुंकत हुते की," एवढेच त्याला बोलता आले, आणि तो पोट धरून हसू लागला. आयुष्यातील पहिला विनोद त्याला कळला होता.

नीलम्मा बैलांकडे पाहत होती.

"अण्णा," ती म्हणाली, "गाडी नीट हाका."