दोन लाखांचा आहेर

आपणच आणलेला साक्षीदार आपल्यालाच बुडवील, असं महिपतला स्वप्नातही वाटलं नव्हतं. सकाळीच तो वर्षा वकीलबाईंना छातीठोकपणे म्हणाला होता, "म्याडम, काळजी करू नका. आख्ख्या मांडवादेखत दिलेत पैशे!"

महिपतची शहापूरला गवताची वखार. मुरबाडच्या हेमंतनं आपल्या थोरल्या मुलीच्या लग्नासाठी त्याच्याकडून दोन लाख उसने घेतले. हेमंतनं चेक दिला, आणि तो बँकेत जसा गेला तसाच परत आला. आता हेमंतचे वकील म्हणत होते, सही आमची, पण देणं कसलं? कागदावर काहीच नव्हतं. म्हणून महिपतनं आहेर पुकारणाऱ्या संजूला आणलं. त्या लग्नाच्या हळदीच्या मांडवात माइक त्याच्याच हातात होता.

"पैसे दिलेले तुम्ही पाहिलेत?" वर्षाबाईंनी विचारलं.

"पायले म्हंजे? मीच पुकारले!" संजूनं सवयीनं मूठ तोंडासमोर धरली. "शहापूरचे सुप्रसिद्ध गवताचे व्यापारी, दानशूर महिपतशेठ यांच्याकडून नवरीला आहेर रुपये दोन लाऽऽख! टाळ्या झाल्या पाहिजेत, मंडळी!"

कोर्टात टाळ्या झाल्या नाहीत. टायपिस्टचे हात हवेतच थांबले. न्यायाधीशांनी चष्म्यावरून वर्षाबाईंकडे पाहिलं. "हे तुमचेच साक्षीदार ना?"

महिपतच्या तोंडचं पाणी पळालं. त्याला सगळं आठवलं. पाकीट देताना संजूनं कानाशी विचारलं होतं, "शेठ, काय म्हणून सांगू?" समोर पाहुणे, शेजारी बायको, खांद्यावर मानाचं उपरणं. अशा वेळी 'उसने' म्हणून कोण सांगेल? उलट 'दानशूर' म्हणायचे शंभर रुपये त्यानं वेगळे मोजले होते.

हेमंतचे वकील शेखर एवढे खूश झाले, की त्यांनी एकच प्रश्न विचारला, "टाळ्या झाल्या का?"

"झाल्या की! शेठनी परत पुकाराय लावलं."

जेवणाच्या सुट्टीनंतर हेमंतची बायको कविता साक्ष देणार होती. 'आहेरच होता' एवढं तिनं म्हटलं, की दोन लाख बुडाले. महिपत डबा न उघडताच बसला. त्याची बायको मालू मात्र डबा घेऊन थेट कविताशेजारी जाऊन बसली.

"बरं झालं गो, आहेरच ठरला. जीव टांगणीला लागलेला माझा."

"तुमाला राग नाय आला, वैनी?"

"राग कसला? आहेर फिरून येतोच. आमच्या समीक्षाचं माघात हाय. मग दामिनी, मग अंजू. दर लग्नाला तुमचा आहेर आमच्यापेक्षा खाली थोडाच येणार? माइकवर संजूच हाय."

कविताच्या हातातला भाकरीचा तुकडा हातातच राहिला.

सुट्टीनंतर शेखर वकिलांनी हसतमुखानं विचारलं, "ताई, तो आहेर होता, बरोबर?"

"आहेर कुठला, सायब! उसने घेतले. चेक यांनी माझ्यापुढं बसून लिवला. पायजे तर परत लिवून घ्या!"

शेखर वकील मटकन खाली बसले. हेमंत ताडकन उठला. "अगो, काय बोलतेस?"

"गप बसा! तीन पोरी हायत त्यांना!"

मग तडजोड झाली. समीक्षाच्या हळदीला महिपतला पैशांची निकड असणार, म्हणून हेमंतनं त्याच दिवशी, वर्षाबाईंच्या समक्ष, रोख दोन लाख द्यायचे ठरलं.

हळदीला हेमंत शब्दाप्रमाणे आला. मांडवात सगळ्यांदेखत त्यानं पाकीट महिपतच्या हातात ठेवलं. महिपतनं नोटा चाचपल्या, सुटकेचा निःश्वास सोडला, आणि संजूचा माइक खरखरला.

"मुरबाडचे दानशूर, दिलदार हेमंतशेठ यांच्याकडून नवरीला आहेर रुपये दोन लाऽऽख!"

मांडव टाळ्यांनी दणाणला. महिपत डोळे फाडून बघतच राहिला.

"'दिलदार'चे वेगळे दिले मी," हेमंत त्याच्या कानाशी म्हणाला. "आमच्या धाकटीचं वैशाखात हाय. वैनीला घेऊन यायचं हां."

महिपतनं घाईघाईनं वर्षाबाईंना शोधलं. त्या पहिल्या रांगेत होत्या, आणि टाळ्या वाजवत होत्या.