ठमाकाकूंनी नाव घेतलं

मंडळी, एक गोष्ट छातीठोकपणे सांगतो. आमच्या सणसरच्या शिवारात चोर येऊ दे, आग लागू दे, नाहीतर उसातनं बिबट्या येऊ दे, आख्खं गाव मिनिटभरात गोळा होणार म्हणजे होणार! कारण गावात फोनची सुरक्षा यंत्रणा बसली, आणि तिचा समन्वयक कोण? मी! कुंडलिक!

यंत्रणा एकदम सोपी. संकट आलं की ठरलेल्या नंबराला फोन लावायचा आणि अर्ध्या मिनिटात बोलून टाकायचं. तोच आवाज लगेच गावातल्या सगळ्या फोनवर वाजतो. वस्तीवस्तीवर जाऊन बायकांकडनं मी घोकूनच घेतलं होतं, "आधी घरच्या कारभाऱ्याचं नाव, मग ठिकाण, मग संकट. क्रम चुकला तर माझ्याशी गाठ हाय!"

आणि एका दुपारी खरंच संकट आलं. गेणबातात्या मोटर बघायला विहिरीत उतरले आणि शिडी घसरली! तात्या पाइपाला मिठी मारून गळ्याइतक्या पाण्यात लोंबकळायला लागले. पोहता येत नाही, गुडघे आधीच गेलेले. हात सुटला की खेळ खलास. काठावर त्यांच्या बायको, ठमाकाकू, एकट्याच. काकूंनी धापा टाकत यंत्रणेला फोन लावला. इथवर सगळं माझ्या शिकवणीबरहुकूम!

पण आधी कारभाऱ्याचं नाव घ्यायचं. आणि काकूंनी लग्न झाल्यापासून नवऱ्याचं नाव उखाण्याशिवाय कधी घेतलेलंच नाही!

हे सगळं मला मागाहून कळलं. मी आपला घरी शेंगा फोडत बसलो होतो. फोन वाजला, कानाला लावला, तर एक धापा टाकणारा आवाज...

"पाटाला आलं पाणी, उसाला आला तुरा, गळ्यातल्या डोरल्याला सोन्याचा सरा, आन् नाव घेते, ऐका जरा..."

टूंऽऽ! अर्धं मिनिट संपलं.

मी चक्रावलो. पण माझी बायको सारजा फुलून आली. "अगं बया! फोनवर उखाण्याची स्पर्धा! आन् मला सांगितलं न्हाय व्हय तुमी?"

"आगं, कसली स्पर्धा..."

तेवढ्यात फोन परत वाजला. ह्या बारीला तानूबाई!

"आल्याचा केला चहा, साखर घातली थोडी, भीमरावांना लागली माझ्याच हातची गोडी!"

मग काय विचारता! बांध फुटल्यागत बायका सुटल्या. एक फोन ठेवतोय तवर दुसरा. लोणी देवकरच्या कंपनीत मशीनवर उभ्या असलेल्या पोरांनाही आपापल्या आयांचे उखाणे ऐकावे लागले. त्यातच तानूबाईचा मला फोन, "कुंडलिकभावजी, पयल्या नंबराला पैठणी हाय न्हवं?"

मी तिला उत्तर देतोय तोवर सारजानंही हात धुऊन घेतले. "दारात लावली तुळस, तिला घालते पाणी, कुंडलिकरावांचं घोरणं ऐकून पळून गेली..."

टूंऽऽ! सगळ्या गावासमोर माझी अब्रू गेली. मी तिरमिरीत गाडीला किक मारली आणि यंत्रणा बंद करायला ग्रामपंचायतीकडं सुटलो.

पाटाच्या वळणावर ठमाकाकू आडव्या आल्या. हातात कासरा, डोळ्यांत पाणी.

"कुंडलिका, कवाधरनं फोन लावतीया! पयला लागला, मग समदी लाइन बिझी! आमचं हे हिरीत पडल्यात रं!"

"मग फोनवर सांगायचं न्हाय व्हय?"

"सांगणारच हुते की! तूच म्हनला हुतास, आधी नाव!"

गाडी तिथंच टाकली. पळत विहिरीवर गेलो. तर विहिरीतनं उखाणे ऐकू येतायत! तात्यांनी फोन मुंडाशात खोचला होता, आणि त्यांना बटणं जमत नाहीत म्हणून लेकीनं तो आपोआप उचलला जाईल असा करून दिलेला. विहीर नुसती घुमत होती.

"तात्या, दम धरा!" मी ओरडलो.

"धरलाय! पर हात सुटाय लागलंत!"

कासरा सोडला. तात्यांनी कसाबसा काखेत अडकवला. पण मी आणि काकू मिळून त्यांना ओढणार कसं? शेवटी यंत्रणेला मीच फोन लावला. नशिबानं लागला! "मी कुंडलिक, गावचा सुरक्षा समन्वयक, सगळ्यांना नम्र विनंती, बायाबापड्यांसकट सगळ्यांनी ताबडतोब गेणबातात्यांच्या विहिरीवर यावं, कारण..."

टूंऽऽ! कारण राहिलं, पण गाव आलं! बायका नवी लुगडी नेसून, केसात गजरे माळून बक्षीस घ्यायला आल्या. विहिरीत डोकावल्या आणि तानूबाईनं पदर खोचला. "बघत काय बसलाव? धरा कासरा!"

हय्या हय्या करत बायकांनी तात्यांना वर ओढलं. तात्या चिखलानं माखलेले, दात कडाकडा वाजतायत. ठमाकाकू त्यांचं तोंड पदरानं पुसत ढसाढसा रडत होत्या. माझ्याही डोळ्यांना पाणी आलं. तात्यांनी मला खुणेनं जवळ बोलावलं.

"कुंडलिका..."

"बोला तात्या!"

"तुझं घोरणं ऐकून पळून कोन गेली रं? तेवढं अर्धंच ऱ्हायलं."

काकूंचं रडणं खाडकन थांबलं.

"गेणबाऽऽऽ! हितं माझा जीव निम्मा झाला, आन् तुला घोरन्याचं पडलंय व्हय!"

बायकांनी तोंडाला पदर लावले. काकूंनी नाव घेतलं, तेही बिनउखाण्याचं! तात्या तर पुन्हा विहिरीत उतरायच्या बेतात होते.

एवढ्यात दोन शेतं पलीकडनं जोतीराम हातात काठी घेऊन पळत आला. "काय झालं गेणबातात्याला?"

चला, एक तरी माणूस संकटाला म्हणून आला! माझी छाती फुगली. "बघा मंडळी, ह्याला म्हणायचं यंत्रणा! जोतीराम, सांग समद्यांना, फोन आला न्हवं तुला?"

"कशाचा फोन?" जोतीराम धापा टाकत म्हणाला. "माझा सकाळधरनं बंद पडलाय. काकूची हाक ऐकून आलो की!"