आबामास्तरांचा ढेकर

कुणाच्याही पायरीवर पाय ठेवण्याआधी आबामास्तर सणसणीत ढेकर देत. मग म्हणत, "पोट तुडुंब आहे हो! नुसती चूल बघायला आलोय." रत्नागिरीच्या बाजारात त्यांना 'ढेकरमास्तर' म्हणत. हे नाव मीच पाडलं होतं. मास्तर खादाड होते, अशी समजूत अजून आहे. ती माझ्या डोळ्यांदेखत पुसली जावी.

एकोणीसशे तिसाच्या आसपास आम्ही एकाच शाळेत शिकवत होतो. मास्तरांना ध्यास एकच : भर पावसाळ्यात कुळांच्या घरी काय शिजतं ते टिपायचं आणि सरकारला अर्ज करून खोताचा वाटा कमी करून घ्यायचा. रविवारी मला लिहायला सोबत घेऊन, बगलेत छत्री मारून निघत, पण उघडत नसत. "कुळाच्या डोक्यावर इरलं आणि मी छत्रीत? चौकशी भिजूनच होते!" मग आठवडाभर शिंकत.

पहिल्या वर्षी त्यांचे हाल नकोत म्हणून मी वाड्यांवर आधी निरोप धाडले. जाऊ तिथे पांढराशुभ्र भात! मास्तरांनी प्रामाणिकपणे तेच लिहिलं. अर्ज फेटाळला गेला. खोत पानाला चुना लावत म्हणाले, "मास्तर, आमच्यापेक्षा कुळंच बरी जेवतात की!"

पाहुण्याला नाचणी वाढणं म्हणजे अब्रू जाणं, हे मला ठाऊक होतं. बोललो नाही. शेवटी एक म्हातारा पडवीत कुरकुरताना मास्तरांनीच ऐकला. "गनपतीचे तांदूळ मास्तरान् खाल्लान. आता बाप्पाला काय नाचणीचे मोदक?"

त्या दिवसापासून मास्तर उपाशी निघू लागले आणि ढेकर देऊ लागले.

एका श्रावणात भागीरथी नावाच्या कुळवाडणीने तो ढेकर ऐकला आणि ती खो खो हसली.

"मास्तर, पोट पाठीला लागलंय, नि ढेकर कसले देताव? घरात बायको न्हाय. सकाळी शिजवलान कोनी?"

बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती. हा प्रश्न त्यांना कुणी विचारला नव्हता.

तिने समोर आंबील आणि टाकळ्याची भाजी ठेवली. "पाव्हन्याचं न्हाय हां हे. घरच्या मानसाला वाढतंय."

मास्तर खाली मान घालून जेवले.

परतताना भरून वाहणारा पऱ्या ओलांडल्यावर थांबले. "लिहून घे. नाचणीची आंबील. पातळ."

मी लिहिलं.

"दोनदा वाढलीन," ते म्हणाले. "ते नको लिहू."