सासूबाईंचा पगार

अंडीवालीने दाराशेजारी तो ठिपक्याठिपक्यांचा चौकोनी कागद चिकटवला आणि सुट्ट्या पैशांची कटकट एकदाची मिटली. बँकेच्या बाईंनी एकाच दिवशी तिचं आणि सासूबाईंचं खातं उघडून दिलं होतं. दोघींना असा एकेक कागद दिला होता, फोनही शिकवला होता. गिऱ्हाइकं कागदासमोर फोन धरत, "गेले बरं का पैसे," म्हणत आणि अंडी घेऊन चालू लागत. पैसे खरंच जात होते. फक्त अंडीवालीकडे येत नव्हते.

सुरुवातीला तिने धीर धरला. बँकेचा कारभार, वेळ लागत असेल. पण कोंबड्यांचं खाद्य संपत आलं, तसा धीरही. शेवटी तिने मास्तरांना दारातच अडवलं.

"मास्तर, तुमचे पैसे आले नाहीत."

मास्तरांनी फोन पुढे केला. "ही बघा हिरवी खूण. आडनावही तुमचंच."

"खूण तुमच्या फोनात, अंडी तुमच्या पिशवीत. माझ्याकडे काय राहिलं?"

मास्तर पिशवी तिथेच ठेवून तरातरा निघून गेले. ते ऐकून न्हावी यायचा थांबला, मग शिंपीणबाईही. कोंबड्यांना यातलं काही ठाऊक नव्हतं, त्या आपल्या देतच होत्या. घरात दोन्ही वेळेला अंडी सुरू झाली. "आता एखाद्या पहाटे मीच आरवणार," नवरा ताटाकडे बघत म्हणाला.

सासूबाई मात्र भलत्याच खुशीत होत्या. एरवी मीठ कमी पडलं तरी तोंड फिरवणाऱ्या, त्या हल्ली गुणगुणत भांडी घासत. पायात नव्या चपला आल्या. खाद्याची काळजी कानावर पडताच त्या उठल्या आणि अख्खं पोतंच घेऊन आल्या.

"आई, पैसे कुठून आणलेत?"

"आहेत माझे," सासूबाई ऐटीत म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी दवाखान्यातली नर्स अंडी न्यायला आली. तिने कागदासमोर फोन धरला. "गेले." अंडीवालीचा फोन गप्प. स्वयंपाकघरातून मात्र आवाज आला, टिंग.

दोघींनी एकमेकींकडे पाहिलं.

"ताई, अजून एक रुपया पाठवा बरं."

टिंग.

"अजून एक."

टिंग. आतलं गुणगुणणं आणखी वरच्या पट्टीत गेलं.

कागदांची अदलाबदल झाली होती. अंडीवालीने सासूबाईंचा कागद दाराला लावला होता. आडनाव एकच, त्यामुळे कुणाला शंका आली नव्हती. तणतणत ती आत गेली.

"आई, हे पैसे कसले वाटले तुम्हाला?"

"पगार," सासूबाई हात पुसत म्हणाल्या.

"कसला पगार?"

"अगं, लग्न करून आले तेव्हापासून राबतेय. स्वयंपाक, धुणीभांडी, आता तुझी खुराडी. बँकेच्या बाई म्हणाल्या ना, बाईच्या कष्टाचे पैसे तिच्याच खात्यात आले पाहिजेत. म्हटलं, उशिरा का होईना, आठवण झाली कुणाला तरी."

नर्स हसू दाबायला भिंतीकडे वळली. अंडीवालीने मनात जुळवलेलं भांडण मात्र मनातच विरघळलं. खरी गोष्ट कळल्यावर सासूबाई ओशाळल्या. त्यांनी फोन पुढे केला. "घे बाई, सगळे वळते करून घे."

अंडीवालीने आधी कागद बदलला. मग मास्तरांच्या घरी जाऊन, चूक कबूल करून, अंडी देऊन आली. संध्याकाळी सासूबाईंचा फोन पुन्हा वाजला.

"आता कुणाचे आले?"

"माझे. पगार आहे तुमचा. दर महिन्याला येईल."

सासूबाईंनी आकडा निरखून पाहिला. "मागच्यापेक्षा कमी दिसतोय."

"मागचा चुकून होता, आई."

रविवारी सकाळी सासूबाई अंगणात खुर्ची टाकून बसल्या, त्या उठेचनात. "आज सुट्टी," त्यांनी जाहीर केलं. "पगारी माणसाला आठवड्याची सुट्टी असते."

अंडीवाली क्षणभर विचारात पडली. मग तिनेही शेजारी खुर्ची ओढली. बऱ्याच वेळाने आतून नवऱ्याची हाक आली.

"आई, शेगडी कशी पेटवायची?"

"उद्या विचार," सासूबाई म्हणाल्या. "आज मी कामावर नाही."