झोळीची धुलाई

नातीला सांभाळणे मला झेपणार नाही, अशी शंका घेणाऱ्यांची मला कीव येते! ज्या गृहस्थाने भाईंदरच्या भांड्यांच्या कारखान्यात उभी हयात पॉलिशचे यंत्र ताब्यात ठेवले, त्यास वीतभर बालिकेचे काय भय?

बाळंतपणाच्या रजेनंतर सूनबाई संचिता प्रथमच कामावर निघाली होती. दारात थबकून म्हणाली, "अप्पा, आज चिऊ राहिली नाही, तर मी सरळ राजीनामा देतेय."

"निश्चिंत मनाने जा!" मी उद्गारलो.

ती जाताच मी स्वच्छतेचे कार्य हाती घेतले. चिऊची झोळी म्हणजे संचिताची जुनी सुती साडी, दुधातेलाने पार आंबूस झालेली. ती मी उकळत्या पाण्यात जंतुनाशकासह धुतली, कडक इस्त्री केली आणि अभिमानाने पुन्हा बांधली.

तीत ठेवताच चिऊने असा टाहो फोडला की अख्खे शांतीनगर हादरले असावे! मी खुळखुळा वाजवला, अंगाई गायिली, गाढवासारखा ओरडलोसुद्धा. व्यर्थ! राजीनामा माझ्या डोळ्यांपुढे नाचू लागला.

समोरच्या सरूबाई धावत आल्या. आम्ही चाळीपासूनचे शेजारी.

"पंढरीनाथ, पोरीला चिमटे काढताय काय?"

"छे! झोळी धुतली फक्त."

"धुतलीत? कर्म माझं! आईचा वास धुतलात की हो! सुलू काय करायची, विसरलात?"

कसा विसरेन? माझी दिवंगत पत्नी सुलू पॅकिंगच्या कामावर निघताना अंगावरची साडी बदलून तीच आमच्या नीलेशच्या झोळीला बांधून जाई. मग दुपारभर त्या दहा बाय दहाच्या खोलीत खोबरेल आणि अबोलीचा मंद गंध रेंगाळे. तो आठवला आणि मी थेट न्हाणीघराकडे धावलो.

न धुतलेल्या कपड्यांच्या बादलीतून संचिताचा रात्रीचा गाऊन उपसला. खांद्यावर टाकला, तर घसरू लागला.

"अंगात घाला!" सरूबाईंची आज्ञा.

"मी? तुम्हीच घाला ना!"

"मला दंडात तरी चढेल का तो?"

घातला! चिऊने छातीशी नाक खुपसले, दोन हुंदके दिले आणि गाढ झोपली.

तेवढ्यात फोन वाजला. सरूबाईंनी बटण दाबून तो माझ्यासमोर धरला. पडद्यावर संचिता आणि तिच्यामागे डबे उघडून बसलेले समस्त कार्यालय!

"अप्पा! तो माझा गाऊन..."

"हळू! झोपली आहे."

तिकडे हास्याचा स्फोट झाला. संचिता हसता हसता डोळे पुसू लागली. "अप्पा, राजीनाम्याचं आता नाव नाही काढत."

स्त्रियांनी पुढे जावे, अशी इच्छा बाळगणाऱ्या सर्व सासऱ्यांस माझे कळकळीचे निवेदन आहे: सुनेपाशी पुढून बटणे असलेलाच गाऊन मागावा. माझा डोक्यावरून काढावा लागतो, आणि चिऊ अद्याप उठलेली नाही!