दहा वजा

माझं ठरलेलं लग्न मोडलं तेव्हा लालबागची आमची अख्खी चाळ हळहळली. बायकांनी सुस्कारे टाकले, मित्रांनी चहा पाजला. तात्या पेडणेकर मात्र गॅलरीतून ओरडले, "किचनात गेलंस रे झिला! दहा वजा!"

झालं! पुढचे चार महिने शेंबडी पोरंसुद्धा मला 'दहा वजा' म्हणून हाक मारत होती.

तात्या आमच्याच मजल्यावरचे निवृत्त खलाशी. वीस वर्षं विलायतेच्या बोटींवर काढलेली. तिथे डेकवर साहेबलोक शफलबोर्ड खेळायचे. लांब काठीने लाकडी चकती ढकलायची, ती समोर आखलेल्या त्रिकोणात ज्या आकड्यावर थांबेल तेवढे गुण. जोर जास्त झाला आणि चकती त्रिकोणामागच्या पट्टीत गेली, की दहा वजा. त्या पट्टीचं नाव किचन. रेघेवर अडकलेली चकती ती 'लायनर', तिला गुण शून्य. आणि डावातला शेवटचा फटका ज्याचा, त्याच्याकडे 'हॅमर'.

बोट सुटली, पण ही भाषा काही सुटली नाही. घरजावई झालेला शांताराम तात्यांच्या लेखी लायनर. सासू-सुनेच्या भांडणात जिचा शब्द शेवटचा, तिच्याकडे हॅमर. संयुक्त महाराष्ट्राच्या सभेला निघालेल्या पोरांच्या पाठीवर थाप मारून म्हणायचे, "भियां नको. दिल्ली कितीय ढकलांदे, हॅमर आपल्याकडे आसा!"

त्या दिवसांत हरताळावर हरताळ. गिरण्या बंद, ऑफिसं बंद, सगळे बाप्ये घरात आणि बायका वैतागलेल्या. तात्यांनी गॅलरीत खडूने त्रिकोण आखले, झाडूच्या दांड्यांना फळ्या ठोकल्या, सुताराकडून चकत्या कापून आणल्या आणि मजल्यामजल्यांत सामने लावून दिले. स्वतः पंच. शिट्टी तोंडात, चुका काढणं चालू. "मेल्या, काठी आसा ती, मुसळ नाय! कर्नलसायब कसो ढकली, बघूक होया होतंस!" कुणी म्हणालं, तात्या, तुम्हीच दाखवा की एकदा, तर ताठ होऊन सांगत, "पंचान खेळूचा नसता." नियमाचे पक्के! बदली खेळाडू त्याच मजल्यावरचा हवा, नाहीतर सामना गेला, हाही नियम त्यांचाच.

त्याच नियमाने त्यांना गाठलं. आमचा दुसरा मजला अंतिम सामन्यात पोहोचला आणि आदल्या दिवशी माझा जोडीदार सदा घोषणा देताना पकडला गेला. आमच्या मजल्यावरचे बाकीचे खेळणारे आधीच तुरुंगात. उरले कोण? तात्या. समोर तिसरा मजला; 'पंच दुसरा बघू' म्हणत त्यांनी तर टाळ्याच पिटल्या.

तात्यांनी मला हाताला धरून नळाकडे नेलं. चेहरा उतरलेला.

"माका खेळूक येणा नाय रे."

"काय सांगता!"

"वीस वर्सां रेघो मारलंय, चकत्यो उचललंय. खलाश्याक काठी कोण दितलो? पण पत्रात माईक लिवी, आज मेजरसायबाक हरवलंय, आज कप्तानाक हरवलंय. तिका काय कळता म्हणान..." त्यांनी मागे गॅलरीकडे नजर टाकली. "आता ती बघतली."

माई म्हणजे त्यांची बायको. निरक्षर. ती पत्रं माझी आईच तिला वाचून दाखवायची. मी म्हटलं, सामना सोडून देऊ, खड्ड्यात गेला. वळून बघतो तर माई ठेवणीतलं लुगडं नेसून दाराबाहेर पाटावर येऊन बसलेली. नवऱ्याचा खेळ बघायला!

तात्यांची पहिली चकती कठड्यावर आपटली. दुसरी त्रिकोणापर्यंत पोचलीच नाही. तिसरी सुसाट किचनात. चाळ जी हसत सुटली ती थांबेना. खरं सांगतो, मीही हसलो. चार महिन्यांचा राग होता माझा. पण तात्या माईकडे सोडून सगळीकडे बघत होते. मला माझी लाज वाटली.

तेवढ्यात माई उठली. कधी चार माणसांत तोंड न उघडणारी बाई, पदर खोचून गॅलरीच्या मधोमध उभी राहिली.

"दात कित्याक काढतास? बोटीर पायांखालची भुई हालता. वीस वर्सां हालत्या भुयेर खेळलेलो माणूस तो. हयसर भुई हालना नाय, तर तेका कसा जमतला?"

तिसऱ्या मजल्याचा कॅप्टन खाली मान घालून म्हणाला, "खरंच की. हे आमच्या लक्षातच नाही आलं." तात्या तिच्याकडे बघतच राहिले. आम्ही हरलो, सपशेल हरलो, पण तात्या शेवटच्या चकतीपर्यंत खेळले.

दुसऱ्या दिवशी नळावर आईने माईला हळूच विचारलं, "काय गं, बोटीचं ते खरंच तसं असतं?"

माई कळशी घासत होती. "माका काय ठावक! मी खंय बोट बघलंय?" मग कळशी विसळत म्हणाली, "पत्रां खोटी होती ता माका पयल्यापासून ठावक होता. खलाश्याक कोण खेळूक घेता? पण दिसभर सायबांच्यो चकत्यो उचलून दमलेलो माणूस, रोज जिंकून माझ्याकडे येय. मी तेका हरवू कशी?"