अनावश्यक सिझेरियन : शून्य

एकदा कारण सापडलं की कोणतीही गोष्ट अनावश्यक राहत नाही. लकडगंजमधल्या आमच्या प्रसूतिगृहाने हे तत्त्व गुणवत्ता सुधारणेत उतरवलं, याबद्दल त्यांचं अभिनंदन करायला हवं.

मागच्या वर्षी तिथे शंभरातली बासष्ट बाळंतपणं सिझेरियनने झाली, त्यातली तीस अनावश्यक ठरली. मग समिती बसली. समितीने चौदा कारणं छापलेला फॉर्म काढला. एकावर तरी खूण केल्याशिवाय पोटाला सुरी लावायची नाही. यंदा सिझेरियन चौसष्ट, अनावश्यक एकही नाही. (दाराशी तसा फलक आहे. त्यावर बाळ हसतंय.)

शिवाय दुसऱ्या डॉक्टरांचं स्वतंत्र मत सक्तीचं आहे. पहिल्या डॉक्टर रितिका, दुसरे त्यांचे यजमान डॉक्टर उन्मेष. लग्नाला अठरा वर्षं झाली. स्वतंत्र मत अजून एकदाही वेगळं निघालेलं नाही.

मी एम.एस्सी. झालेली असल्यामुळे सातव्या महिन्यातच फॉर्म मागून चौदाही कारणं पाठ केली. खरंच अडलेल्या बायकांचे जीव याच सुरीने वाचतात, हेही वाचलं होतं. त्यामुळे भीती दोन्हीकडून. मागणं एवढंच, की सगळं ठीक असेल तर कोणी घाई करू नये.

सकाळी नऊला दाखल झाले. दुपारी चारपर्यंत कळा संथ, बाळ उत्तम. तीस वर्षं बाळंतपणं पाहिलेल्या तिथल्या दाई अंजनाबाई मला व्हरांड्यात चालवत होत्या.

"घाबरून काहून राहिली वं? ठोके मस्त चालून राहिले. घाई बाळाले नाही, बाहेरच्याईले आहे."

बाहेर माझा नवरा केयूर फोन घेत होता. एकूण त्रेचाळीस. प्रश्न एकच, अजून नाही? त्याला जोडून माहिती: कोणाच्या तरी पुतणीचं बाळ पोटातच घाण पाणी प्यायलं होतं. (पुतणी प्रत्येक फोनमध्ये वेगळी होती.) सासूबाईंनी आत येऊन सांगितलं, सगळे विचारून राहिले, काहीतरी करा. डॉक्टर रितिका म्हणाल्या, थांबायला हरकत नाही. स्वतंत्र मतही तेच पडलं.

त्रेचाळिसाव्या फोननंतर केयूर आत आला.

"आणि काही झालं तर?"

याचं उत्तर चौदांत कुठे नव्हतं. तेरावं कारण मात्र होतं : नातेवाइकांचा आग्रह. मी सही केली. दोन्ही डॉक्टरांची मतं त्याच मिनिटाला बदलली, अर्थात स्वतंत्रपणे.

पाच वाजून बारा मिनिटांनी अबोली झाली. तीन किलो, ठणठणीत. गळ्याला नाळ वगैरे काही नव्हती. ती नाळ बारशाच्या दिवशी सासूबाईंनी सांगता सांगता गुंडाळली, आणि पेढा खाता खाता तुम्हीही हळहळलात.

तुमचा फोन चार वाजून दहा मिनिटांनी आला होता. काळजीपोटीच केला होता, मला मान्य आहे. टाके ओढले की मी त्यांनाही तेच सांगते.